टँकर शेवटी बोलवा : छोट्या तेलविहिरीत गॅस भरून जादा तेल काढण्याची रीत

नागपुरात ‘तेलाचा धंदा’ म्हटलं की डोळ्यांसमोर इतवारीतले डबे आणि पेंडीची पोती येतात. जमिनीतलं तेल इथून लांब, खंबातच्या खोऱ्यात नाहीतर आसामात. तरी त्या धंद्यातली माणसं इथे येतात, कारण दाबाखालच्या वायूंच्या टाक्या आणि सिलिंडर यांचे नियम सांभाळणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालय सेमिनरी हिल्सला आहे. अर्ज हल्ली ऑनलाइन होतात, पण कुठे अडलं की माणूस फाईल काखेत मारून येतोच. त्यातले काही जण परतीच्या गाडीआधी माझ्याकडे डोकावतात. तर्री पोह्यांची ताटली बाजूला सारून फाईल उघडतात, आणि पहिलं वाक्य बहुतेकांचं एकच असतं : “सर, सीओटूचा टँकर ठरवलाय. आता पुढं काय करायचं?”

सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आणि त्याचा टँकर ठरवणं हे या कामातलं जवळजवळ शेवटचं पाऊल आहे. ते पहिलं टाकलं की पुढची सगळी घाई टँकरच्या तारखेमागे धावते. म्हणून हा क्रम लिहून काढतोय.

हे कोणासाठी : ज्यांच्याकडे एक ते दहा विहिरी आहेत, खोली हजार-दीड हजार मीटर, सकर रॉड पंपावर (लांब लोखंडी दांड्यांनी वर-खाली हलणाऱ्या) चालतात, रोज पाच ते वीस बॅरल तेल देतात. अशा माणसाला शेजारच्या विहिरीतून गॅस ढकलत तेल हाकायची मोठी योजना परवडत नाही. त्याच्यासाठी ‘हफ-अँड-पफ’ : एकाच विहिरीत गॅस भरायचा, विहीर बंद करून तो मुरू द्यायचा, आणि त्याच विहिरीतून तेल काढायचं. तेलात विरघळलेला गॅस तेल फुगवतो, पातळ करतो आणि उघडल्यावर धक्का देतो. घाण्यातून निघालेल्या पेंडीतही सहा-सात टक्के तेल उरतं आणि सॉल्व्हंट लावल्यावरच ते सुटतं, तोच प्रकार. फक्त इथली पेंड बाराशे मीटर खाली आहे आणि ती हलवता येत नाही.

## आधी गॅस कोणता

तीन पर्याय आहेत. सीओटू तेलात चांगला विरघळतो, कमी दाबालाही काही काम करतो आणि टँकरने मिळतो. एका विहिरीपुरतं काम असेल तर तोच घ्या. नायट्रोजन तेलात फारसा विरघळत नाही, तेलाशी एकजीव व्हायला त्याला फार मोठा दाब लागतो, त्यामुळे उथळ, दाब उतरलेल्या विहिरीत तो नुसता ढकलायचं काम करतो. शिवाय जागेवरच हवेतून नायट्रोजन वेगळा करणाऱ्या यंत्रातून आलेल्या गॅसमध्ये थोडा ऑक्सिजन उरतो, आणि तो खाली लोखंड खातो. तिसरा म्हणजे स्वतःच्याच क्षेत्रात निघणारा गॅस. तो पुरेसा असेल आणि कॉम्प्रेसर हाताशी असेल तर उत्तम, पण ज्यांच्याकडे तो पुरेसा असतो ते मला भेटायला येत नाहीत.

सावध : हवा भरून बघू, असं कुणी सुचवलं तर तिथेच थांबवा. मेहसाण्याकडच्या बालोल आणि संथालमध्ये जड तेलासाठी हवा भरतात, हे खरं आहे. पण तिथे जमिनीखाली मुद्दाम आग चालवण्याची वेगळीच तयारी आहे. तुमच्या ट्युबिंगमध्ये, म्हणजे तेल वर आणणाऱ्या नळीत, हवा आणि हलकं तेल एकत्र आलं तर तो बॉम्ब आहे.

## टप्पा १ : विहीर थकली आहे की पंप?

सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो. उत्पादन वीसवरून सहावर आलं की मालक म्हणतो, दाब संपला. मग पंप वर काढला की व्हॉल्व्हच्या बॉलखाली वाळू सापडते, नाहीतर ट्युबिंगमध्ये मेणाचा थर. गॅसने पंप दुरुस्त होत नाही.

आधी दांड्यांवरचा भार मोजणारा डायनॅमोमीटर लावून पंपाचं कार्ड (त्या भाराचा आलेख) घ्या आणि ॲन्युलसमधली, म्हणजे ट्युबिंग आणि बाहेरचा नळ (केसिंग) यांच्या मधल्या जागेतली, द्रवाची पातळी मोजा. पातळी वर असूनही तेल कमी येत असेल तर दोष पंपात आहे. पातळी पंपाजवळ उतरलेली असेल तर विहिरीत येणंच कमी आहे. मग परफोरेशन, म्हणजे तेलाच्या थरातून तेल आत यावं म्हणून केसिंगला पाडलेली भोकं, मेणाने किंवा क्षाराने बुजलीत का ते बघा. त्यावर गरम तेल किंवा ॲसिडचा उपाय गॅसच्या काही पट स्वस्त पडतो. हे सगळं नीट असूनही विहीर कमी देत असेल तरच पुढे चला.

त्याच वेळी मोजणीची वही सुरू करा. किमान तीन महिने, प्रत्येक विहिरीचं तेल, पाणी आणि गॅस वेगवेगळं मोजलेलं हवं. चार विहिरींचं एकत्र टाकीत जातं आणि आपण अंदाजाने वाटून टाकतो, हे चालणार नाही. जादा तेल किती आलं हे तुम्हाला नंतर या आकड्यांशीच ताडून बघायचंय. केंद्राच्या २०१८ च्या वाढीव उत्खनन धोरणातल्या सेस-रॉयल्टीच्या सवलती वाढीव उत्पादनावर आहेत. आधीचा आकडाच नसेल तर वाढ कशाची दाखवणार?

## टप्पा २ : मेलेली विहीर निवडू नका

“सर, जिचं काही होत नाही तिच्यावरच करून बघू, गेलं तर गेलं.” हे मी दर वेळी ऐकतो. भावना समजते, पण हा प्रयोग मधल्या विहिरीवर करायचा असतो, शेवटच्या घटका मोजणारीवर नाही. मला चालणारी विहीर अशी असते : पूर्वी चांगलं तेल दिलेलं आणि हळूहळू उतरत आलेली, थरात थोडा तरी दाब शिल्लक, केसिंगमागचं सिमेंट चांगलं. पाणी साठ-सत्तर टक्के असलं तरी घाबरू नका, एकाच विहिरीच्या या पद्धतीत ते चालून जातं.

टाळायच्या विहिरी : केसिंग एकदा तरी गळून दुरुस्त केलेली, डोक्यावर गॅस कॅप (थराच्या माथ्याला साचलेला मोकळा गॅस) असलेली, किंवा शेजारच्या विहिरीशी थेट वाट असलेली. शेवटचं कसं कळतं? एका विहिरीचा पंप बंद केल्यावर शेजारचीची पातळी काही तासांत हलली, तर वाट आहे. भरलेला गॅस तिकडून शेजाऱ्याकडे जाईल, आणि शेजारी दुसऱ्या कंपनीचा असेल तर आभारसुद्धा मानणार नाही.

## टप्पा ३ : बाटलीतलं तेल आधी बोलू द्या

तेलाचा ताजा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. टाकीच्या तळातला चालणार नाही, केमिकल घातलेला तर नाहीच. विचारायच्या गोष्टी तीन. सीओटू मिसळल्यावर अस्फाल्टिन (तेलातला डांबरासारखा भाग) खाली बसतं का? मेण किती तापमानाला गोठायला लागतं? तेल, पाणी आणि गॅस घुसळल्यावर इमल्शन (तेल-पाण्याचं न सुटणारं मिश्रण) किती चिवट होतं आणि ते फोडणाऱ्या कोणत्या केमिकलने, म्हणजे डीमल्सिफायरने, फुटतं?

खंबात खोऱ्यातली पुष्कळ तेलं मेणचट आहेत. गार सीओटू परफोरेशनवर आदळला की मेण तिथेच धरतं आणि तुम्ही पैसे देऊन विहिरीचं तोंड बंद करता. अस्फाल्टिनचा अहवाल वाईट आला तर काम सोडून द्या. मेणाचा वाईट आला तर गॅस तापवून भरा.

एकजीव होण्याचा किमान दाब शोधणारी चाचणी महाग असते. तुमचा थर ७०-८० केजीवर (चौरस सेंटीमीटरला किलो, म्हणजे जवळजवळ तेवढेच बार) आला असेल तर तो दाब तुम्हाला बहुधा गाठताच येणार नाही, मग ती चाचणी कशाला? एकजीव न होताही तेल फुगतं आणि पातळ होतं, छोट्या माणसाचा फायदा तिथेच आहे.

## टप्पा ४ : भांडं तपासा

आता रिग (विहिरीतले पाइप आणि दांडे काढणारं-घालणारं यंत्र) आणा. रॉड आणि पंप बाहेर काढा. पंपासकट गॅस भरायचा मोह टाळा, कारण पंपातले आणि पॅकरमधले (ट्युबिंगभोवतीची जागा बंद करणारं बूच) रबर दाबाखाली सीओटू पितात. दाब उतरला की आतला गॅस फुगून रबर आतूनच फाटतं, बाहेर काढलं की पावसात भिजलेल्या खारी बिस्किटासारखं दिसतं. या कामासाठी हे सोसणारं रबर मागावं लागतं. पुरवठादाराला ‘सीओटू आणि अचानक दाबउतार’ असं लेखी कळवा.

मग ट्युबिंगवर पॅकर, परफोरेशनच्या थोडा वर. ॲन्युलसमध्ये गंजरोधक घातलेलं पाणी. त्यावर दाब देऊन अर्धा तास धरा. पाच टक्क्यांपेक्षा जास्त उतरला तर नापास. सिमेंटचा लॉग (केसिंगमागे सिमेंट नीट धरलंय का ते दाखवणारी मोजणी) जुना असेल तर नवा काढा. वेलहेडचं, म्हणजे विहिरीच्या तोंडावरच्या जोडणीचं, दाबाचं रेटिंग वाचा, आठवणीवर जाऊ नका.

इथे माझी एक चूक सांगतो. एका छोट्या क्षेत्रावर मी ही चाचणी घेत होतो. मे महिना, दुपारचे दोन. गेजवर ७० केजी, अर्धा तास झाला, काटा तसूभर हलला नाही. मी वहीत ‘पास’ लिहिलं. मग दाब सोडला. नळीतून पाणी भसाभस आलं, थेंबावर आलं, थांबलं. सहज वर बघितलं तर काटा अजून ७० वरच. अडकलेला होता. दुसरं गेज लावून परत दाब दिला, तर वीस मिनिटांत अर्ध्यावर. पॅकर बसलाच नव्हता. तो काढून नवा बसवायला चार दिवस गेले, आणि ते चार दिवस फाटकापाशी टँकर उभा. आतला दाब वाढला की टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्ह पांढरा धूर सोडायचा, ड्रायव्हर बाजेवर पडल्या पडल्या बघायचा, मी बघायचो. भाडं वेगळं.

तपासा : प्रत्येक चाचणीला दोन गेज. चाचणीआधी दोन्ही शून्यावर, चाचणीनंतर दोन्ही शून्यावर. हे वहीत लिहा.

## टप्पा ५ : कागद

तेलविहीर कायद्याने खाण आहे. म्हणून सुरक्षिततेचं दार खाण सुरक्षा महासंचालनालयाचं, आणि नियम ऑइल माइन्स रेग्युलेशन्स, २०१७. गॅसची टाकी आणि टँकर मात्र पेसोच्या हद्दीत. इथे लोक दोन नियमावल्यांत गोंधळतात. पाण्याच्या मापाने १,००० लिटरपर्यंतचं भांडं हे सिलिंडर, त्याला गॅस सिलिंडर नियम, २०१६. त्यापेक्षा मोठी टाकी, मग ती उभी असो की चाकांवर, तिला त्याच वर्षीचे प्रेशर व्हेसलचे नियम. तुम्ही स्वतः टाकी बसवणार नसाल आणि टँकरमधून सरळ पंपात घेणार असाल, तर टँकरची कागदपत्रं पुरवठादाराची जबाबदारी असते. प्रत मात्र मागून घ्या आणि टाकीची चाचणी कधीपर्यंत चालू आहे ती तारीख स्वतः वाचा. तुमच्या मांडणीला काय लागू पडतं ते पेसोला लेखी विचारा, उत्तरही लेखी घ्या. प्रदूषण मंडळ आणि करारातली मंजुरी यांचा वेळ याच टप्प्यात मोजा, कारण सगळ्यात जास्त दिवस इथेच जातात.

## टप्पा ६ : गॅस किती आणि दाब किती

हे दोन आकडे तुमचे स्वतःचे हवेत, पंपवाल्याचे नकोत. नमुन्याचा हिशेब मांडतो, त्यात आपल्या विहिरीचे आकडे घाला.

किती गॅस : थर ८ मीटर जाड, सच्छिद्रता २० टक्के, विहिरीभोवती १२ मीटरपर्यंत पोचायचंय. ३.१४ × १२ × १२ × ८ × ०.२० म्हणजे साधारण ७२३ घनमीटर पोकळी. त्यातली ४० टक्के गॅसने भरेल असं धरलं तर २८९ घनमीटर. थरात ८० अंश सेल्सिअस आणि १०० बारला एक घनमीटर सीओटूचं वजन सुमारे २२० किलो, म्हणजे ६४ टन. पण थराचा दाब ७० बारच असेल तर तेच वजन १३५ किलोच्या आसपास उतरतं आणि ३९ टनांत जागा भरते. दाब न मोजता टनांची ऑर्डर दिली तर एकतर पंचवीस टन फुकट जातात, नाहीतर गॅस अर्ध्या वाटेवरच राहतो.

किती दाब : थर फुटता कामा नये. खोली १,२०० मीटर, थर फुटायचा दाब मीटरला ०.१६ केजी धरला तर १९२ केजी. त्याच्या ९० टक्के, म्हणजे १७३ केजी, ही तळाची मर्यादा. ट्युबिंगमधला द्रव सीओटू स्वतःच्या वजनाने तळाशी साधारण १०२ केजी देतो. उरले ७१. वेलहेडवर याच्या वर जायचं नाही. यात दोन गोम आहेत. एक, वर्षानुवर्षं तेल काढून दाब उतरलेला थर नव्यापेक्षा कमी दाबाला फुटतो, त्यामुळे जुन्या फ्रॅक जॉबचा (दाबाने थर मुद्दाम फोडण्याच्या कामाचा) आकडा जसाच्या तसा उचलू नका. दोन, तापवून भरलेला सीओटू हलका असतो, त्याचा स्तंभ कमी वजन देतो, म्हणजे हिशेब नव्याने मांडायचा.

सावध : तुमचे गेज केजीत, पंपवाल्याचे पीएसआयमध्ये (चौरस इंचाला पौंड). कागदावर दोन्ही लिहा : ७१ केजी, म्हणजे १,०१० पीएसआय. पंपाचा ट्रिप (दाब वाढला की पंप आपोआप थांबवणारी कळ) त्यावर बसवा आणि बसवलेला आकडा डोळ्यांनी बघा.

## टप्पा ७ : आता टँकर

इथवर सगळ्या खुणा झाल्या असतील तरच फोन करा. द्रव सीओटू टँकरमध्ये साधारण उणे २० अंशांना आणि २० बारला असतो. आल्यावर आणि रिकामा झाल्यावर वजनकाट्यावर घ्या, टाकीच्या गेजवर जाऊ नका. अग्निशामक सिलिंडर भरणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, तो सिलिंडर तोलूनच देतो. ३१ अंशांच्या वर सीओटू द्रव राहतच नाही, म्हणून नागपूरच्या उन्हाळ्यात त्या सिलिंडरला दाबाचं गेज लावलं तरी ते ऊन सांगेल, माल नाही. जमलं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काम घ्या. टँकर आणि पंप दोन्ही सुखी राहतात.

भरण्याचा क्रम :

१. लाइनची पाण्याने दाबचाचणी, मग ती पूर्ण कोरडी करणं. ओला सीओटू म्हणजे ॲसिड.

२. लाइन साखळीने बांधा. सुटलेला होज माणूस तोडतो.

३. आधी टँकरच्या वरच्या भागातला गॅस लाइनीत सोडून दाब चढवा, द्रव नंतर. रिकाम्या लाइनीत थेट द्रव सोडला आणि दाब ५.२ बारच्या खाली असला तर त्याचा जागीच कोरडा बर्फ होतो.

४. पंप गार होऊ द्या. गरम पंपात द्रव उकळतो आणि पंप नुसताच खडखडतो.

५. हीटर लावून ताशी अर्ध्या टनाने सुरू करा. तासाभरात दाब स्थिर राहिला तर दोन टनांपर्यंत न्या.

६. दर पंधरा मिनिटांना वेलहेड, ॲन्युलस आणि शेजारच्या विहिरीचा दाब लिहा.

ॲन्युलसचा दाब चढू लागला तर पंप थांबवा. थोडा चढणं उन्हामुळेही असतं, पण थांबून बघायला काही जात नाही. भरताना वेलहेडचा दाब एकदम खाली आला तर आनंद मानू नका. थर फुटला किंवा कुठेतरी वाट मिळाली.

सावध : दोन बंद व्हॉल्व्हच्या मध्ये द्रव सीओटू अडकवू नका. तापला की पाइप फाडतो. तशा प्रत्येक तुकड्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह हवा. लाइनीत बर्फाचा बोळा अडकला तर हातोडी मारू नका, एका बाजूचा दाब सोडून सोडवायलाही जाऊ नका. तो बोळा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. दोन्ही बाजूंना दाब ठेवून आपोआप वितळू द्या.

आणखी एक, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं : सीओटू हवेच्या दीडपट जड आहे, वेलहेडच्या सेलरमध्ये (त्याच्या खालच्या खड्ड्यात) साचतो. खिशाला लावलेलं ज्वलनशील वायूचं यंत्र त्याला ओळखतच नाही. ऑक्सिजन मीटरवरही विसंबू नका. हवेत चार टक्के सीओटू झाला, म्हणजे जिवाला धोका, तरी ऑक्सिजन २०.९ वरून जेमतेम २० वर येतो, आणि मीटर वाजतो १९.५ ला. सीओटूचं स्वतंत्र यंत्र घ्या, ते सेलरच्या तळाशी धरा, मगच पाय खाली टाका.

## टप्पा ८ : मुरवण

विहीर बंद. दोन ते चार आठवडे. रोज एकाच वेळी वेलहेडचा दाब लिहा. पहिले दिवस तो भराभर उतरतो, मग सावकाश, मग जवळजवळ सपाट होतो. सपाट झाला की मुरलं.

चुका दोन्ही टोकांच्या होतात. तेल बंद आहे हे मालकाला बघवत नाही आणि तो पाचव्या दिवशी उघडायला लावतो. मग नुसता गॅस निघून जातो. किंवा रिग दुसऱ्या कामावर जाते आणि विहीर तीन महिने तशीच राहते. तोवर गॅस लांब पसरलेला असतो आणि धक्का द्यायला उरलेला नसतो. आणि मधेच दाब अचानक पडला तर तो मुरल्याचा नाही, गळतीचा इशारा समजा.

## टप्पा ९ : बाटली हळू उघडा

उन्हात तापलेली सोड्याची बाटली झटक्यात उघडली की अर्धी जमिनीवर जाते. विहिरीचंही तेच. पहिल्या दिवशी ५-६ मिमीचा बीन (प्रवाह आवरणारी बारीक भोकाची तोटी) लावा. सुरुवातीला जवळजवळ सगळा गॅसच येतो, मग फेस, मग तेल. गॅस उतरत जाईल तसा बीन दोन-तीन दिवसांनी एक-एक मिमीने वाढवा. घाईने मोठा बीन लावला तर तेलातला गॅस थरातच सुटतो, तेलाला टाकून एकटा बाहेर पळतो. वाळू येते ती वेगळीच.

इथे तेल आणि गॅस वेगळं करणाऱ्या सेपरेटरपाशी कुणी सांगत नाही अशी एक गोष्ट होते. तेल तापवणाऱ्या बाथ हीटरचा बर्नर क्षेत्राच्याच गॅसवर चालत असेल आणि त्यात सीओटू मिसळला, तर रात्री केव्हातरी ज्योत विझते. हीटर गार, तेल गार, मेण जमा, सकाळी लाइन चोंदलेली. नको असलेला गॅस जाळणारा फ्लेअरही विझतो, आणि मग न जळलेला गॅस आवारात पसरतो. म्हणून परत येणाऱ्या गॅसमधलं सीओटूचं प्रमाण रोज मोजा. ते उतरेपर्यंत बर्नर आणि फ्लेअरच्या पायलटला (कायम जळत ठेवायच्या छोट्या ज्योतीला) एलपीजीचे सिलिंडर लावा. बीनवर बर्फ धरतो, तिथे गरम पाण्याची नळी किंवा मेथेनॉलची सोय ठेवा. डीमल्सिफायर आणि गंजरोधक पहिल्या तासापासून सुरू हवं, कारण पाणी आणि सीओटू आता एकत्र आहेत.

टाकीची डिप घेणाऱ्या, म्हणजे आतल्या तेलाची पातळी मोजणाऱ्या, पोराला वेगळं सांगा. झाकण उघडून तोंड खाली घालायचं नाही, वाऱ्याच्या बाजूला उभं राहायचं, एकट्याने चढायचं नाही. तेलातून सीओटू टाकीतही सुटत असतो.

आता शेवटची मोठी चूक. विहीर आपोआप वाहते आहे तोवर वाहू द्या. पंप लवकर टाकायचा म्हणून विहिरीत पाणी भरून तिला गप्प केलं, की मोकळं झालेलं तेल तुम्ही स्वतःच परत थरात ढकलता आणि त्याच्यापुढे पाण्याची भिंत उभी करता. पूर्ण काम इथे पाण्यात गेलेलं मी बघितलं आहे. वाहणं थांबलं, दाब उतरला, की मग पंप टाका, आणि त्याच्याखाली गॅस अँकर (गॅसला पंपात शिरू न देणारा) लावा. नाहीतर पंप गॅसने कोंडेल आणि नुसता वर-खाली होत राहील.

## टप्पा १० : हिशेब

पहिल्या आठवड्यात बारा बॅरलची विहीर तीस देते आणि मालक पेढे वाटतो. तीस हा आकडा विसरा. जुन्या उतरत्या रेषेवर विहिरीने आज किती दिलं असतं ते काढा. त्याच्या वरचं तेल तेवढं जादा. ते सहा महिने मोजा.

खर्चाची बाजू अशी धरा. समजा गॅस जागेवर टनाला १२ हजार रुपये, ६४ टनांचे ७ लाख ६८ हजार. रिग, पॅकर, पंप, हीटर आणि चाचण्या मिळून समजा २० लाख. एकूण २७ लाख ६८ हजार. सगळं जाऊन बॅरलमागे हातात ३,५०० रुपये राहत असतील तर ७९१ बॅरल जादा आल्यावर मुद्दल निघालं. शिवाय विहीर ३५ दिवस बंद होती, रोजचे १२ धरले तर ४२० बॅरल लांबणीवर पडले. ते बुडाले नाहीत, पण या सहा महिन्यांत ते भरून निघायला हवेत. म्हणजे १,२११ बॅरल, रोजचे सरासरी पावणेसात जादा. आपल्या विहिरीकडून एवढ्याची आशा नसेल तर टप्पा १ लाच थांबलेलं बरं.

या मांडणीत गॅस एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्यालाही पोचत नाही. तरी लोक दोन महिने गॅसच्या भावावर घासाघीस करतात आणि पॅकर स्वस्तातला घेतात.

दुसरा फेरा घ्यायचा तर पहिल्यापेक्षा कमी तेल येईल हे धरूनच घ्या, तिसऱ्यात आणखी कमी. पहिला फेरा फसला असेल तर कारण सापडेपर्यंत दुसरा नाही. आणि कारण शोधायला वही लागते, म्हणून त्या पस्तीस दिवसांतलं प्रत्येक पान, गेजचे शून्यसुद्धा, जपून ठेवा. फाईल घेऊन माझ्याकडे याल तेव्हा मी आधी तीच मागणार आहे.